पीडीएफ फाइल उघडत नसेल तर

४.१ प्रास्ताविक

मुक्त शिक्षणात पुस्तक आज बहुधा पीडीएफच्या रूपाने तुमच्या घरी येते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तके या रूपात विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. समजा, तुम्ही भाट्ये येथे राहता. काजळी नदीवरील पूल ओलांडला, की रत्नागिरीत १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय आहे. परंतु रात्री ते बंद असते. स्वाध्याय सकाळी द्यायचा आहे आणि फोनवरील संदर्भग्रंथाची फाइल उघडत नाही. अशा वेळी घाईने अ‍ॅप काढून पुन्हा बसवण्याआधी दोष नेमका कोठे आहे, हे ठरवावे.

४.२ फाइलची रचना

पीडीएफ हा प्रकार अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये प्रचारात आणला. २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. पान कोणत्याही यंत्रावर सारखेच दिसावे, हा त्याचा हेतू. फाइलचा कोणता भाग कोठे आहे, हे सांगणारी सूची सामान्यतः फाइलच्या शेवटी असते आणि वाचक-अ‍ॅप प्रथम तीच शोधते. छापील पुस्तकाची शेवटची पाने गळाली तरी उरलेले पुस्तक वाचता येते. पीडीएफचा शेवट गळाला तर पुष्कळदा पहिले पानही दिसत नाही. काही अ‍ॅप ही सूची नव्याने रचण्याचा प्रयत्न करतात, परंतु त्यांना नेहमीच यश येत नाही.

४.३ दोन चाचण्या

(१) त्याच अ‍ॅपमध्ये दुसरी एखादी पीडीएफ उघडून पाहा. ती उघडली, तर दोष बहुधा पहिल्या फाइलमध्ये आहे.
(२) न उघडणारी फाइल दुसऱ्या अ‍ॅपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये उघडा. तेथे उघडली, तर पहिले अ‍ॅप अद्ययावत करा.

४.४ फाइलमधील दोष व उपाय

(अ) अपूर्ण फाइल : पावसाळ्यात नेटवर्क मध्येच तुटले किंवा फोनमधील जागा संपली, की फाइल अर्धवट उतरते. संकेतस्थळावर दिलेला आकार आणि तुमच्या फाइलचा आकार ताडून पाहा. तफावत असल्यास फोनमध्ये जागा करून फाइल पुन्हा उतरवा.

(आ) नावापुरती पीडीएफ : संकेतस्थळावरील प्रवेशाची मुदत संपली असेल, तर पुस्तकाऐवजी सूचनेचे पानच पीडीएफच्या नावाने साठवले जाते. दोनशे पानांच्या ग्रंथाचा आकार काही किलोबाइटच भरला, तर हीच शंका घ्यावी. पुन्हा लॉगिन करून फाइल उतरवावी.

(इ) परवलीचा शब्द : फाइल शब्द मागत असेल, तर ती बिघडलेली नाही, कुलूपबंद आहे. तो शब्द पाठवणाऱ्याकडून घ्यावा.

फाइल दुरुस्त करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर आपली गुणपत्रिका किंवा ओळखपत्र चढवू नये.

४.५ फाइल उघडते, पण उपयोगी पडत नाही

मराठीच्या अभ्यासकाला ही अडचण विशेष जाणवते. फाँट फाइलमध्ये समाविष्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी चौकटी दिसू शकतात. युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर पानावर शुद्ध दिसतो. पण त्याची नक्कल केली, की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. केवळ स्कॅन केलेल्या पुस्तकात शब्द शोधता येत नाही, कारण त्यात अक्षरे नसून पानांची चित्रे असतात. अशा वेळी अ‍ॅप बदलून सहसा उपयोग होत नाही. अवतरण स्वतः टंकलिखित करावे आणि मूळ पानाशी ताडून पाहावे.

४.६ सारांश

प्रथम दोष फाइलचा की अ‍ॅपचा, हे ठरवावे. मग आकार, प्रवेश व परवलीचा शब्द या क्रमाने तपासणी करावी. नवी प्रत उघडेपर्यंत जुनी काढून टाकू नये. फाइल हाती येताच तिचे शेवटचे पान उघडून पाहण्याची सवय लावावी. म्हणजे स्वाध्यायाच्या आदल्या रात्री खोळंबा होणार नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. पीडीएफचा शेवटचा भाग गळाल्यास पहिले पानही का दिसत नाही?
२. तुमच्या संग्रहातील एका मराठी पीडीएफमधील ओळीची नक्कल करा. काय उमटले, ते कारणासह लिहा.