बाईचा आवाज, पुरुषाचा मेंदू

बायकांचं बोलणं पुरुषांच्या डोक्यात शिरत नाही, त्यांच्या मेंदूची घडणच तशी आहे, हे बोदवडच्या बाजारापासून मोबाईलवरच्या फॉरवर्डपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतं. आधार म्हणून इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाचा 2005 चा प्रयोग पुढे केला जातो. प्रयोग खरा आहे. मायकेल हंटर आणि सहकाऱ्यांनी 12 पुरुषांना स्कॅनरमध्ये झोपवून बायकांचे आणि पुरुषांचे आवाज ऐकवले. बाईच्या आवाजाने कानशिलाच्या बाजूचा, ऐकलेलं उलगडणारा भाग अधिक जागा झाला. पुरुषाच्या आवाजाने मागचा, मनात चित्र उभं करण्याशी जोडलेला भाग. म्हणजे बाईचं ऐकताना श्रवणाचा भाग जास्तच राबतो, कमी नाही. शिवाय या प्रयोगात एकाही बाईचा मेंदू तपासलेला नव्हता. मग त्यावरून बाई आणि पुरुष यांची तुलना कशी करायची?

दुसरा दाखला येल विद्यापीठाचा देतात. 1995 मध्ये तिथे 19 पुरुष आणि 19 बायका तपासल्या. शब्दांचं यमक जुळतं का हे ओळखताना पुरुषांचा मेंदू डावीकडे चालला, बायकांपैकी 11 जणींचा दोन्हीकडे. ही बातमी जगभर गेली. उरलेल्या 8 जणींचं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे 2004 मध्ये आयरिस सोमर यांच्या गटाने असे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हा फरक टिकला नाही. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, कारण पहिली बातमी घरोघरी पोचली आणि तिची दुरुस्ती कुणाच्या कानावरही आली नाही.

यावर कुणी म्हणेल, प्रयोग राहू द्या, घरातला अनुभव खोटा का? अनुभव खोटा नाही, पण त्याचं कारण बऱ्याचदा कानात असतं. वयाबरोबर पुरुषांची उंच स्वर ऐकण्याची शक्ती सरासरीने बायकांपेक्षा लवकर उतरते, आणि कामावरचा गोंगाट त्यात भर घालतो. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये मशिनीशेजारी उभं राहिलं की शेजारच्याला कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. अशा गोंगाटाने आधी 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यातलं ऐकणं जातं. बाईच्या आवाजाचा मूळ सूर 200 हर्ट्झच्या आसपास, म्हणून तो कानावर येतो. पण स, श, फ यांची धार वरच्या पट्ट्यात असते, ती बोथट होते. आवाज येतो, शब्द लागत नाही. बायकोला वाटतं मुद्दाम दुर्लक्ष चाललंय, त्याला वाटतं ती पुटपुटते. इथे कानाची तपासणी करून घ्यायला हवी.

तरीही कान शाबूत असलेले पुरुष दुर्लक्ष करतातच, हा आक्षेप उरतो. तो मला मान्य आहे, पण ती सवय आहे. रेल्वे स्टेशनवर बाईच्या आवाजात फलाट बदलल्याची सूचना झाली, की त्याच पुरुषांना एकही शब्द चुकत नाही. गरज आणि मान असला की मेंदू आड येत नाही. आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या कवयित्री बहिणाबाई चौधरींकडे पाहा. असोद्याला 1880 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या लेवा गणबोलीत गाणी रचत. कामाच्या वेळचा तो आवाज आजूबाजूच्या कितीतरी जणांच्या कानी पडला असेल. टिपून ठेवला तो मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952 मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. ऐकणारे तिघेही पुरुष होते. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यांवरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि तिचं गावही नोंदवलं.