देवळालीचे कापरेकर मास्तर

कागद-पेन्सिल घ्या. कोणतीही चार अंकी संख्या लिहा, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा, 3524. अंक उतरत्या क्रमाने मांडले की 5432, चढत्या क्रमाने 2345. मोठीतून लहान वजा केली की उरतात 3087. पुन्हा तेच करा. 8730 वजा 0378, उत्तर 8352. आणखी एकदा, 8532 वजा 2358, उत्तर 6174. आता पुढे कितीही वेळा करा, 7641 वजा 1467 म्हणजे परत 6174च! दुसरी कुठलीही संख्या घेतलीत तरी फार तर सात वजाबाक्यांत याच मुक्कामाला याल.

वजाबाकी शाळकरी मुलालाही येते. तिच्यात दडलेली ही गंमत दिसली ती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांना. 1905 साली डहाणूला जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण आणि 1930 ते 1962 देवळालीच्या शाळेत नोकरी. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. डोंबिवली स्टेशनावर सुचलेल्या काही संख्यांना त्यांनी त्या स्टेशनावरूनच ‘डेम्लो’ नाव दिलं. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून नव्या संख्या कशा जन्मतात, हेही त्यांनी तपासलं. 15 मध्ये 1 आणि 5 मिळवले की 21 होतात. पण 20 मात्र अशी कुठूनच येत नाही. अशा संख्यांना ते ‘स्वयंभू’ म्हणत.

6174 मध्ये जादू नाही, गणित आहे. वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. एक, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांच्यातला. दुसरा, मधल्या दोन अंकांमधला. पहिल्याला 999 ने आणि दुसऱ्याला 90 ने गुणून बेरीज केली की उत्तर तयार. त्यामुळे सुरुवातीच्या 8991 संख्यांमधून पहिल्याच वजाबाकीनंतर अवघी 54 उत्तरं संभवतात. त्या साऱ्यांच्या वाटा शेवटी 6174 ला मिळतात.

असामान्य बुद्धी हीच. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीकडे ती जास्त वेळ, जास्त प्रेमानं पाहते. तरीही आपल्याकडच्या कित्येक गणितज्ञांनी कापरेकरांचं काम पोरखेळ मानलं. 1975 साली गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष देवळालीकडे गेलं. मास्तर तोवर सत्तरीत पोचले होते. 1986 मध्ये ते गेले. आज 6174 हा आकडा ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर शिकवला जातो.

बुद्धिमान माणूस मोठ्या हुद्द्यावरच भेटेल, ही समजूत आपण सोडायला हवी. तो गावच्या शाळेत फळा पुसत असेल, शेजारच्या घरात आकडे मांडत बसलेला असेल. त्याला ‘याचा उपयोग काय?’ असं लगेच विचारू नका. त्याच्याशेजारी बसा, पेन्सिल हातात घ्या आणि म्हणा, ‘मलाही दाखवा.’