खोट्या हाकेचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुण्या-मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये फटाक्यांच्या जोडीला आणखी एक वाद्यवृंद वाजत असतो. सुतळी बॉम्ब फुटला, की पाठोपाठ तीन-चार गाड्या केकाटू लागतात. त्या आवाजाने कोणी गॅलरीत येत नाही. वॉचमनही खुर्चीवरून उठत नाही. गाडीला हात लागला तर चार माणसे धावून यावीत, म्हणून मालकाने पैसे मोजून हा भोंगा बसवलेला असतो. आणि तो वाजल्यावर धावून कोणीच येत नाही. असे का व्हावे? ‘लोक बेफिकीर झाले आहेत’ हे आपले नेहमीचे उत्तर. ते बरोबर नाही, हे गाडीच्या अलार्मची रचना आणि थोडे अंकगणित पाहिले की लक्षात येते.

अलार्मला डोळे नसतात. ‘चोर’ नावाची गोष्ट त्याला ओळखता येत नाही. त्याला कळतात त्या चोरीबरोबर सहसा घडणाऱ्या काही खुणा. दार, बॉनेट आणि डिकी यांपाशी छोटे स्विच असतात; झाकण उघडले की ते कळवतात. गाडीच्या सांगाड्याला धक्का बसला, की शॉक सेन्सर जागा होतो. कंपनांमुळे त्यात अगदी सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की भोंगा सुरू. काही गाड्यांत केबिनमधल्या हालचाली टिपणारा अल्ट्रासॉनिक सेन्सरही असतो. माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी तो सोडतो आणि परत येणाऱ्या लहरींत फरक पडला, तर आत कोणीतरी आहे असे समजतो.

उगाच वाजण्याची कारणे या रचनेतच दडलेली आहेत. फटाका फुटल्यावर हवेत दाबाची लाट उठते आणि ती पत्रा व काच हलवून जाते. जवळून जाणाऱ्या डंपरचा हादराही शॉक सेन्सरला धक्क्यासारखाच वाटतो. काच बोटभर उघडी राहिली, तर आत शिरणारी हवा आणि आरशाला टांगलेली माळ अल्ट्रासॉनिक सेन्सरला फसवतात. पावसाळ्यात बॉनेटच्या स्विचवर गंज आणि चिखल बसतो. मग झाकण बंद असूनही ‘उघडे आहे’ असा संदेश जातो. उंदरांनी कुरतडलेली वायर हेच करते. बॅटरी जुनी झाली, की विद्युतदाब खाली येतो. काही भोंग्यांच्या पोटात स्वतःची वेगळी बॅटरी असते. मुख्य बॅटरीचा दाब घसरला, की कोणीतरी तार कापली असे समजून ते ओरडू लागतात.

म्हणजे दोष नेहमी बिघाडाचा नसतो. पुष्कळदा मर्यादा कुठे ठरवली याचा असतो. शॉक सेन्सरची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते. बाहेरून बसवलेल्या अलार्ममध्ये त्यासाठी बहुधा एक छोटा स्क्रू असतो. संवेदनशीलता वाढवली, की चोराचा हलका हातही सुटत नाही, पण मांजरही सुटत नाही. कमी केली, तर मांजर सुटते आणि एखादा सफाईदार चोरही. एक चूक कमी करावी तर दुसरी वाढते. दुसऱ्या महायुद्धातल्या रडारच्या पडद्यापुढे हाच पेच होता: पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसत्या गोंगाटाचा? त्यातून ‘संकेत-शोध सिद्धांत’ उभा राहिला आणि १९५० च्या दशकात तो मानसशास्त्रातही आला. त्याचे सांगणे साधे आहे: मर्यादा कुठे ठेवायची, हे कोणत्या चुकीची किंमत जास्त यावर ठरवावे.

गाडीच्या बाबतीत गोम इथेच आहे. चोर सुटला तर किंमत मालक मोजतो. उगाच वाजला तर किंमत शेजारी मोजतात. गॅरेजमध्ये नवा अलार्म बसवून झाला, की मालक बॉनेटवर एक थाप मारतो. गाडी लगेच ओरडली, की तो खूश. झोपमोड होणारे लोक त्या वेळी तिथे हजर नसतात. मग संवेदनशीलता वरच्या टोकाला राहते, यात नवल ते काय?

आता अंकगणित. समजा, एका गाडीवर दहा वर्षांत एकदा चोराची नजर जाते आणि तिचा अलार्म इतका उत्तम आहे, की चोर आला तर तो हमखास वाजणार. हाच अलार्म महिन्यातून एकदा विनाकारणही वाजतो. दहा वर्षांत खोट्या हाका झाल्या १२०, खरी एक. भोंगा ऐकल्यावर चोर असण्याची शक्यता १२१ त १, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. अलार्म आणखी संवेदनशील करून हे चित्र सुधारत नाही, कारण चोर तर तो आधीच शंभर टक्के पकडतो आहे. पण खोट्या हाका वर्षाला एकवर आणल्या, तर हीच शक्यता ११ त १ होते. थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या निबंधात या प्रकारच्या गणिताचे मूळ आहे. अंथरुणातून न उठणाऱ्या शेजाऱ्याने तो निबंध वाचलेला नसतो, पण त्याचा हिशेब चुकलेला नसतो. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत आपण मुलाला दोष देतो ते याचसाठी. गावकऱ्यांनी अनुभवावरून निष्कर्ष काढला होता.

या हिशेबाला आकडेवारीचाही आधार आहे. अमेरिकेतल्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट या संस्थेने १९९७ मध्ये विम्याच्या दाव्यांची छाननी केली, तेव्हा अलार्म असलेल्या गाड्यांचे चोरीचे नुकसान एकंदरीत कमी झाल्याचे दिसले नाही. याउलट, ज्या उपकरणाने फरक पडला ते मुके आहे. इमोबिलायझरमध्ये किल्लीच्या मुठीत एक चिप असते. गाडीच्या यंत्रणेला तिची ओळख पटली नाही, तर इंजिन सुरूच होत नाही. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा केला. नेदरलँड्सच्या आकडेवारीवर आधारलेल्या एका अभ्यासात, त्यानंतरच्या दहा वर्षांत गाडीचोरीचे प्रमाण सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. चोरांनी पुढे किल्लीविना चालू होणाऱ्या गाड्यांसाठी नव्या युक्त्या शोधल्या, हे खरे. तरी फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. भोंग्याला मदतीसाठी अनोळखी माणूस लागतो. इमोबिलायझर आपले काम स्वतःच करतो.

हा प्रश्न झोपमोडीपुरता असता, तर संशोधनाचा विषय झाला नसता. पण ज्या कानांनी आपण गाडीचा भोंगा ऐकायचे सोडून देतो, त्याच कानांवर लिफ्टमध्ये अडकलेल्याची घंटा आणि आगीचा भोंगा येत असतो. रुग्णालयांनी याची किंमत मोजली आहे. अतिदक्षता विभागातली यंत्रे दिवसभर किणकिणत राहतात, त्यातल्या बहुसंख्य सूचनांवर काहीच करावे लागत नाही, आणि परिचारिकांचे कान हळूहळू बधिर होतात. याला ‘अलार्म फटीग’ असे नावच पडले आहे. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये याबद्दल इशारा दिला, तो रुग्ण दगावल्याच्या घटना समोर आल्यावर. हाकेला ओ देण्याची लोकांची तयारी ही सामाईक ठेव आहे. प्रत्येक खोटा भोंगा त्यातून थोडे काढून घेतो, आणि काढणारा एक तर गमावणारे सगळे.

उपाय अवघड नाहीत. अलार्म वाजू लागला तर प्रथम रिमोटने गाडी अनलॉक करावी. रिमोटचा सेल संपला असेल, तर किल्लीने दार उघडून इग्निशन चालू करावे. बऱ्याच गाड्यांत एवढ्याने भोंगा थांबतो. घाईने बॅटरीची तार काढू नये, कारण स्वतःची बॅटरी असलेला भोंगा त्यावर आणखी जोराने ओरडेल. पुन्हा पुन्हा वाजत असेल, तर बॅटरीची तपासणी, मग बॉनेट आणि दारांच्या स्विचची सफाई, मग वायरिंग आणि शेवटी सेन्सरची संवेदनशीलता, या क्रमाने मेकॅनिककडून पाहून घ्यावे. काचेवर मुठीने बऱ्यापैकी जोरात ठोकल्यावर वाजावा, तळहाताच्या थापेने वाजू नये, हा अंदाज पुरेसा आहे. दसऱ्याला आपण गाडी धुऊन तिची पूजा करतो. त्याच दिवशी ही तपासणी केली, तर फटाक्यांना अजून वीस दिवस असतात. दिवाळीच्या रात्रींपुरता शॉक सेन्सर किंवा भोंगा बंद ठेवण्याची सोय अनेक अलार्ममध्ये असते. दारांचे लॉक आणि इमोबिलायझर तेव्हाही आपले काम करतातच.

निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत ती आहे, आणि रात्री वस्तीत हॉर्न वाजवण्यालाही त्यांत मनाई आहे. गाडीचा भोंगा शंभर डेसिबलच्या पुढे जातो. न्यूयॉर्कमध्ये तो तीन मिनिटांत आपोआप बंद झाला पाहिजे, असा नियम आहे. आपल्या सोसायट्यांना कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक गाडीच्या काचेवर फ्लॅट क्रमांक असावा, वॉचमनकडे मालकांचे फोन असावेत आणि भोंगा वाजल्यावर पहिला फोन मालकाला जावा, एवढा ठराव पुरेसा आहे. रात्री दोन वाजता दोनदा स्वतःच उठावे लागले, की मालक तिसऱ्या दिवशी मेकॅनिककडे जातो.