तयार मांसपदार्थ आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू

अतिदक्षता विभागातील रुग्णाचा जंतुसंसर्ग नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, तेव्हा अधिक महाग औषधे द्यावी लागतात, रुग्णालयातील मुक्काम लांबतो आणि गरीब रुग्णांसाठीच्या निधीवरही भार पडतो. अशा संसर्गाचे मूळ काही वेळा रुग्णालयाबाहेर, पशुपालनात आणि आपल्या आहारात असते. देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्या माहितीसाठी हा विषय येथे थोडक्यात मांडीत आहोत.

कोंबड्या व डुकरे यांचे वजन लवकर वाढावे म्हणून खाद्यातून अल्प मात्रेत प्रतिजैविके देण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली. अशा मात्रेने दुर्बळ जिवाणू मरतात. औषधाला पुरून उरणारे मात्र वाढत राहतात. कत्तलीच्या वेळी आतड्यांतील हे जिवाणू मांसाला लागतात.

कोलिस्टिनचे उदाहरण बोलके आहे. मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे मागे पडलेले हे जुने औषध, इतर उपाय खुंटल्यावर वापरावयाचे अखेरचे अस्त्र म्हणून पुन्हा उपयोगात आले. मात्र पशुखाद्यातही ते दिले जात होते. २०१५ साली चीनमधील संशोधकांनी कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे 'एमसीआर-१' हे जनुक प्रसिद्ध केले. कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ नमुन्यांतील ई. कोलाय जिवाणूंत ते आढळले. रुग्णालयातील काही रुग्णांतही सापडले. हे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते. त्यामुळे पोटात गेलेला जिवाणू त्या वेळी आजार न करताही हा गुण आतड्यांतील इतर जिवाणूंना देऊ शकतो. पुढे शस्त्रक्रिया किंवा मोठ्या आजारपणात त्याचे परिणाम दिसतात.

मांस नीट शिजविल्यास जिवाणू मरतात. मग सलामी, हॅम यांसारख्या तयार पदार्थांची चिंता का? हे पदार्थ कारखान्यात शिजविलेले असले, तरी नंतर काप करणारी यंत्रे, हात व वेष्टन यांतून त्यांना पुन्हा जिवाणू लागू शकतात. घरी कच्च्या कोंबडीसाठी वापरलेल्या सुरीनेही तेच घडते. हे पदार्थ पुन्हा न शिजविता खाल्ले जात असल्याने अखेरचे संरक्षण उरत नाही. फ्रिजमधील थंडीने जिवाणू मरत नाहीत. लिस्टेरिया तर तेथेही वाढतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये 'पोलोनी' या तयार मांसपदार्थातून पसरलेल्या लिस्टेरियाच्या साथीत एक हजारांहून अधिक लोक आजारी पडले व दोनशेंहून अधिक दगावले. लिस्टेरिया सहसा पेनिसिलीन गटातील औषधांना दाद देतो. तरीही एवढी हानी झाली. याच वाटेने औषधांना न जुमानणारे जिवाणू आले, तर उपचार किती कठीण होतील याची कल्पना करता येईल.

दिलासा देणारी बाब अशी, की उपाय केल्यास परिणाम दिसतो. चीनने २०१७ मध्ये वजनवाढीसाठी पशुखाद्यात कोलिस्टिन मिसळणे बंद केले. त्यानंतर तेथील निरोगी व्यक्तींच्या तपासणीत असे जिवाणू बाळगणाऱ्यांचे प्रमाण २०१६ मधील सुमारे १४ टक्क्यांवरून २०१९ मध्ये सुमारे ६ टक्क्यांवर आले. भारत सरकारनेही जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

आपणही काही पथ्ये पाळू शकतो :

• कच्चे मांस व तयार पदार्थ वेगळे ठेवावेत. सुरी व पाटही वेगळे असावेत.
• तयार मांसपदार्थ फ्रिजमध्ये ठेवावेत व वेष्टनावरील मुदतीत संपवावेत.
• गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना ते वाफाळेपर्यंत गरम करूनच द्यावेत.
• डॉक्टरांच्या सल्ल्याविना प्रतिजैविके घेऊ नयेत.

प्रतिजैविके ही समाजाची सामाईक ठेव आहे. ती पुढील रुग्णासाठी शिल्लक राहावी, यासाठी आपण सर्वांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती.