थांबलेल्या घड्याळाची लेखणी

कपाटातला जुना डबा जरा उघडून पाहा. पावत्या, सुट्ट्या किल्ल्या आणि त्यांच्यात आजोबांचे बंद पडलेले घड्याळ सापडेल. मराठीत घड्याळ म्हणा की कन्नडमध्ये गडियार, आपल्याकडे ते बहुधा एचएमटीचेच असते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ मध्ये ही घड्याळे बनू लागली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. अशा घड्याळाचे करायचे काय?

हौशी कारागिरांनी एक वाट शोधली आहे, ती म्हणजे घड्याळाच्या सुट्या भागांचा पेन.

पण घाई नको. घड्याळ एकदा मोडले की पुन्हा जुळत नाही. बेळगाव-लोंढा रेल्वेमार्गावरच्या गुंजीसारख्या गावातून खानापूर-बेळगावला जाणे होतेच. तेव्हा घड्याळ आधी दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. कित्येकदा नुसते तेल-सफाई करून ते चालू लागते. घरातल्या सगळ्यांना विचारा. चालणारे घड्याळ पेनासाठी कधीही मोडू नये.

ते खरोखरच निकामी असेल, तर भाग सुटे करावेत. मुख्य स्प्रिंग जपून काढावी, ती उसळून डोळ्याला लागू शकते. काही फार जुन्या घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांत रेडियम असते. अशी तबकडी आणि काटे खरवडू नयेत, घड्याळ उघडूच नये.

पेनाला साधारण सात मिलिमीटर जाडीची पितळी नळी लागते. तिला काळा रंग देऊन त्यावर चक्रे चिकटवतात. मोठे चक्र गोल नळीवर नीट बसत नाही, म्हणून बायकांच्या लहान घड्याळांतले भाग सोयीचे पडतात. तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेले असते ना? ते ज्वेल म्हणजे कृत्रिम माणके. चक्रांची टोके त्यांत फिरतात, म्हणून झीज कमी होते. पेनावर हेच लाल ठिपके शोभून दिसतात.

मग नळी साच्यात ठेवून पारदर्शक रेझिन ओततात. बुडबुडे हा यातला मोठा शत्रू. रेझिन बारीक धारेने ओतावे. सराईत कारागीर साचा हवेच्या दाबाच्या भांड्यात ठेवतात. घट्ट झाल्यावर लेथवर कातायचे, पण चक्रांवर रेझिनचा थर राहिलाच पाहिजे. हत्यार पोलादी चक्राला लागले की चक्र उखडते आणि सगळी मेहनत वाया जाते. शेवटी ओल्या पॉलिश पेपरने घासून चमक आणतात आणि रिफिल बसवतात. रेझिन हाताळताना हातमोजे, कातताना चष्मा व मास्क हवाच. खोलीत वारा खेळता असावा.

कातकाम आपल्याला नवे नाही. सावंतवाडीचे लाखकाम आणि चन्नपट्टणची खेळणी लेथवरचीच. बेळगावच्या उद्यमबागेत तर लेथ चालवणारे हात पुष्कळ आहेत. शिकायचे असेल तर साध्या लाकडी पेनापासून सुरुवात करावी. आजोबांच्या घड्याळावर पहिला प्रयोग नको.

मराठीत लेखणी, कन्नडमध्ये लेखनी. शब्द जवळजवळ एकच. ज्या घड्याळाकडे पाहून आजोबांनी, अज्जांनी गाडी गाठली, त्याचीच चक्रे नातवाच्या हातातल्या पेनावर दिसतील. ती फिरणार नाहीत, पण नातू विचारील, 'हे कुणाचे?' तेव्हा सांगायला घरात कुणीतरी असावे, एवढेच.