दोन हजार फोटो, उजेड एका सेकंदाचा

उडत्या पक्ष्यासाठी १/२००० सेकंद हा शटर स्पीड नेहमीचाच. हिवाळ्यात भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर होडीतून फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी टिपणारे अनेक जण याच स्पीडपासून सुरुवात करतात. आता जरा गुणाकार करून पाहा. सकाळभरात दोन हजार फोटो काढले, तर शटर उघडं राहिलं एकूण एक सेकंद! सेकंदाला ३० फोटो घेणारा कॅमेरासुद्धा दर सेकंदातले १५ मिलिसेकंदच पाहतो. उरलेल्या ९८५ मिलिसेकंदांत पक्ष्यानं काय केलं, हे त्याच्या गावीही नसतं.

इतकी घाई कशासाठी? ताशी ५० किलोमीटरनं जाणारा रोहित १/२००० सेकंदात ७ मिलिमीटर पुढे सरकतो. नखाएवढं अंतर. पण तो ३० मीटरवरून आडवा चालला असेल, हातात ६०० मिमीची लेन्स आणि मागे २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर असेल, तर त्या ७ मिलिमीटरचे सेन्सरवर २३ पिक्सेल होतात. म्हणजे कॅमेरा जागच्या जागी धरला, तर १/२००० लाही फोटो हललेलाच येणार. खरं काम पॅनिंग करतं. लेन्स पक्ष्याच्या वेगानं फिरली की डोकं आणि मान स्थिर मिळतात, शटरला फक्त पंख थोपवायचे उरतात.

आणि हे सगळं पहाटेच्या उजेडात. भर दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना, आकाश निरभ्र असलं तरी, ४०० च्या आसपास. अडीचशे पट कमी! आपले डोळे हे इतक्या सहज सांभाळून घेतात की फरक लक्षातच येत नाही. कॅमेऱ्याला मात्र एफ ६.३ आणि १/२००० वर आयएसओ थेट ५१,२०० ला न्यावा लागतो.

मला खरा थक्क करतो तो यापुढचा हिशोब. ढोबळच आहे, पण पाहण्यासारखा. आयएसओ १०० ला नीट उजेड मिळालेल्या फोटोत मधल्या छटेच्या एका पिक्सेलवर साधारण पंधरा हजार फोटॉन पडतात. ५१,२०० ला पडतात तीसच्या आत. अंगणात वाट्या मांडाव्यात आणि पावसाचे मोजके थेंब पडून जावेत, तर शेजारच्या दोन वाट्यांत सारखे थेंब कसे येतील? तीस फोटॉनांत पाचेकांचा फरक आपोआपच पडतो, आणि तोच आपल्याला नॉइज म्हणून दिसतो. रोहितानं पंख उघडले की गुलाबीच्या कडेला जी काळी पिसं दिसतात, ती मधल्या छटेहून तीन स्टॉप खाली (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) धरली, तर त्यांच्या वाट्याला पिक्सेलमागे तीन-चार फोटॉन येतात. पिसांची रेषन्‌रेष आपण एवढ्यावर मागत असतो.

आयएसओ वाढवून यात एकाही फोटॉनची भर पडत नाही. तो हाती आलेला संदेश फक्त मोठा करतो. भर पडते ती शटर जास्त वेळ उघडं ठेवल्यानं किंवा लेन्सचं तोंड रुंद असल्यानं. ६०० मिमी एफ ४ लेन्सचं तोंड १५० मिलिमीटरचं, एफ ६.३ चं ९५ चं; प्रकाश अडीच पट. ती लेन्स परवडत नसेल, तर शटर १/५०० वर आणा. फोटॉन चौपट, आयएसओ १२,८००. मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ऑटोवर. रोहिताचे पंख तसे संथ चालतात, तो पंख पसरून हवेत तरंगत असेल तर १/२५० सुद्धा चालून जातं. काही फोटो हलतील, हलू द्यावेत. माझं मत विचाराल तर, अंधारात १/२००० ला चिकटून बसणं म्हणजे काळ्या पिसांवर पाणी सोडणं.

ऊन चढू लागलं की एकेक स्टॉप मिळत जातो. तो कुणाला द्यायचा, हे समोरच्या पक्ष्यावरून ठरवा: रोहितांचा थवा असेल तर आयएसओ उतरवा, पाण्यात सूर मारणारा नदीसुरय असेल तर शटर चढवा.