सोन्यावरचा शिक्का कोणाचा?

दागिन्यावरचा हॉलमार्क (शुद्धता तपासल्याची खूण) म्हणजे सोनाराची सही, असा समज सर्रास आढळतो. या दोन खुणा वेगळ्या आहेत. मिरकरवाडा बंदरातल्या नौकेचे नाव मालक ठेवतो, नोंदणी क्रमांक सरकार देते, तसेच हे. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये सोन्याच्या तपकिरीच्या डबीवर घडवणाऱ्याची आद्याक्षरे असत. कारागीर-संघाचा शुद्धतेचा शिक्का आणि करवसुलीचा शिक्का वेगळे असत. आपल्याकडे २०२१पासून हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धता आणि एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा सहा अक्षर-अंकी स्वतंत्र क्रमांक). त्यात ‘९१६’ म्हणजे ९१.६ टक्के सोने. घडण कोणाची, हे त्या खुणा सांगत नाहीत. म्हणून पक्के बिल जपून ठेवावे.